संगणक स्वस्त, संसार महाग

तालुक्याच्या गावातल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानात आज काउंटरवर काय काय असते? बिलिंगचा संगणक, त्याला जोडलेला थर्मल प्रिंटर, बारकोडची गन, यूपीआयचा साउंडबॉक्स आणि शेजारी कार्डाचे मशीन. मागच्या भिंतीवर वायफायचा राउटर, कोपऱ्यात इन्व्हर्टर, छताला चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर. आत मालकाच्या टेबलावर लेझर प्रिंटर आणि जीएसटीच्या कामाचा जुना लॅपटॉप. पंचवीस वर्षांपूर्वी याच काउंटरवर कॅल्क्युलेटर, कार्बन घातलेले बिलबुक आणि लाल कापडी बांधणीची खतावणी, एवढ्यावर धंदा चालत होता.

हा सगळा सरंजाम दुकानदाराने हौसेने मांडलेला नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विवरणपत्रे ऑनलाइन भरणे भाग पडले. मग ई-इनव्हॉइस आले. १ ऑक्टोबर २०२० ला ते फक्त ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना लागू होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ५ कोटींची उलाढाल म्हणजे काही कारखानदारी नव्हे. जिल्ह्याच्या गावचा सिमेंट-सळईचा व्यापारी ती सहज गाठतो. गिऱ्हाईकही बदलले. वीस रुपयांच्या खिळ्यांसाठी खिशातून नोट नव्हे, फोन निघतो.

तेव्हा यंत्रे घ्यावीत की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही, उरला आहे तो खर्चाचा. संगणक घेताना मालक पाचशे रुपयांसाठी तीन दुकाने फिरतो, माउस-पॅड फुकट मिळेपर्यंत घासाघीस करतो. त्याच संगणकावर पुढची पाच वर्षे दर महिन्याला काय जाते, ते मात्र त्याला विचारले तर सांगता येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसा हा प्रकार आहे. भाव कोंबडीचा होतो, मसाल्याचा कोणी करत नाही.

गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेतले बिल किरविन यांनी १९८७ मध्ये हाच मुद्दा आकड्यांत मांडला. संगणक बसवणे, माणसांना शिकवणे, दुरुस्ती, तो बंद पडल्यावर वाया जाणारे तास आणि शेवटी तो मोडीत काढणे, हे सगळे धरून जी बेरीज येते ती त्याची खरी किंमत. मोठ्या कंपन्यांत हा हिशेब ठेवायला स्वतंत्र माणसे असतात. छोट्या धंद्यात एक वही घातली तरी काम भागते, पण ती घालणारे फार थोडे.

सुरुवात प्रिंटरपासून करावी, कारण तिथे हिशेब उघड्यावर असतो. समजा एका कचेरीत रोज २० पाने छापली जातात आणि वर्षाचे ३०० दिवस काम चालते. म्हणजे ६,००० पाने. साडेतीन हजारांचा इंकजेट घेतला, त्याचे ९०० रुपयांचे कार्ट्रिज १८० पाने देते असे धरले, तर पानामागे ५ रुपये पडतात. वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे प्रिंटरच्या साडेआठपट शाई! त्याऐवजी १५,००० रुपयांचा साधा लेझर प्रिंटर घेतला आणि त्याचा टोनर ३०० रुपयांत भरून १,५०० पाने निघाली, तर पानामागे २० पैसे आणि वर्षाला १,२०० रुपये. महाग वाटलेला प्रिंटर पाच महिन्यांत स्वस्त ठरतो. गावोगावी भाव थोडे इकडेतिकडे होतील, निष्कर्ष बदलणार नाही.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत एचपीचा लेझरजेट १०२० आणि त्याचा १२ए टोनर वर्षानुवर्षे रुळला, तो यामुळेच. भरून देणारा माणूस जवळपास मिळतो आणि सुटे भागही मिळतात. कंपनी या टोनरची २,००० पाने सांगते, मात्र तो आकडा पानाचा पाच टक्केच भाग काळा होतो असे धरून काढलेला असतो. रकान्यांनी गच्च भरलेली खतावणी किंवा लेटरहेडवरचा गडद लोगो छापला की पाने कमी होतात. शाईच्या टाकीचे प्रिंटर त्यानंतर आले. बाहेरून टाकी जोडून स्वस्त शाई भरायची युक्ती स्थानिक दुकानदारांनी आधीच काढली होती. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात तीच कंपनीच्या हमीसह बाजारात आणली. रंगीत छपाई नेहमी लागत असेल तर हे प्रिंटर परवडतात. महिन्यातून दोनदा रंगीत पान लागत असेल, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपये देणे सगळ्यांत स्वस्त.

थर्मल प्रिंटरला शाईच लागत नाही, म्हणून तो काउंटरवर सोयीचा. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि अक्षर उमटते. पण त्याच गुणामुळे ते अक्षर उन्हाने, उष्णतेने, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्यानेही फिके पडते. दुकानदाराने स्वतः दिलेले बिल संगणकात असते. त्याने दुसऱ्याकडून घेतलेले बिल मात्र थर्मलवर असेल तर वर्षा-दोन वर्षांत कोरा कागद हाती उरतो. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. एप्रिल २०२५ मधल्या खरेदीचे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरायचे, म्हणजे ते बिल ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत दाखवता आले पाहिजे. आल्या दिवशीच मोबाइलने फोटो काढून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकला, तर फुकटात काम होते. नाही टाकला, तर त्या बिलावरचे क्रेडिट तपासणीत अडचणीत येऊ शकते.

यंत्रांपेक्षा सॉफ्टवेअरचा खर्च अधिक फसवा, कारण तो दिसत नाही. मराठी मुलखातल्या छपाईच्या धंद्याची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे अहवाल छापणाऱ्या शेकडो डीटीपी केंद्रांनी नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतर एक संच पक्का केला: पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी. एकदा पैसे मोजले की झाले. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, आणि पुढे अडोबीने सगळे बळ इनडिझाइनवर लावले. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढे कायमचे परवाने नाहीत, नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतील. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार काढून घेतला. तरीही कितीतरी केंद्रांत एक्सपीचा एखादा डबा जिवापाड जपला गेला, कारण जुने काम त्याच्याशिवाय उघडतच नव्हते.

इथे ऑपरेटरचा हटवादीपणा नव्हता. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचे अगम्य इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होई. वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, पाठ्यपुस्तकांच्या फाइल्स अशा साठल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर रूपांतर करणारी साधने वापरून पुन्हा ओळन् ओळ तपासावी लागे. जोडाक्षरे आणि रफार हमखास घोटाळा करत. नवे सॉफ्टवेअर घेण्याच्या खर्चात ही मजुरी कोणीच धरली नव्हती. ज्यांनी नवे काम पहिल्यापासून युनिकोडमध्ये सुरू केले आणि जुन्यातले लागेल तेवढेच बदलून घेतले, त्यांचा खर्च पसरला आणि झेपला.

ही गोष्ट छपाईपुरती नाही. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी, मग ते बिलिंगचे असो वा दवाखान्याच्या नोंदींचे, विचारायचा पहिला प्रश्न हा आहे: उद्या हे सोडायचे ठरवले तर माझी माहिती मला साध्या तक्त्यात काढून मिळेल का? गिऱ्हाइकांची यादी, मालाची यादी, येणे-देणे, जुनी बिले. विकायला आलेल्या माणसाला ते समोर करून दाखवायला सांगावे. दाखवता आले नाही, तर स्वस्तातले सॉफ्टवेअरही महागात जाणार.

भाड्याचे सॉफ्टवेअर वाईट असते असे मात्र अजिबात नाही. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला एकरकमी पैसे गुंतवावे लागत नाहीत, नको झाले की बंद करता येते. फक्त भाडे किती जणांचे भरतो आहोत ते बघावे लागते. माणशी महिना २०० रुपयांची सेवा पाच जणांसाठी घेतली, तर वर्षाला १२,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून १४,१६०. त्यातले दोघे नोकरी सोडून गेले आणि त्यांची खाती कोणी बंद केली नाहीत, तर दरवर्षी ५,६६४ रुपये कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. शिवाय गेलेल्या माणसाच्या फोनवर दुकानाची ई-मेल चालू राहते, ते वेगळेच. माणूस कामावरून जाताना किल्ल्या परत घेतो, त्याच दिवशी खातेही बंद करायला हवे.

आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर रिझर्व्ह बँकेने चांगला लगाम घातला आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि तिथूनच ती वसुली थांबवताही येते. ओटीपीशिवाय कापता येणारी रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. मात्र आधी येणारा सूचनेचा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत न वाचता पुसला जातो आणि नको असलेली सेवा आणखी एक वर्ष चालू राहते. अशा सगळ्या वर्गण्यांसाठी एकच वेगळे कार्ड ठेवले, तर महिन्याचे एक पान वाचून सगळा खर्च समोर येतो.

कराची बाजू सीएवर सोडून देण्याची पद्धत आहे, पण खरेदी करताना सीए शेजारी नसतो. म्हणून दोन-चार गोष्टी मालकालाच माहीत हव्यात. ऑनलाइन सेवेसाठी नोंदणी करताना दुकानाचा जीएसटी क्रमांक टाकला नाही, तर बिल वैयक्तिक नावाने येते आणि १८ टक्क्यांचे क्रेडिट हातचे जाते. परदेशी कंपनीने परदेशातूनच बिल दिले, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जखाली कर स्वतः भरावा लागतो. नियमित करदात्याला तो क्रेडिट म्हणून परत मिळतो. दीड कोटींच्या आतल्या ज्या व्यापाऱ्याने कंपोझिशन योजना घेतली आहे, त्याला कुठलेच क्रेडिट मिळत नाही. त्याच्यासाठी १०,००० ची सेवा ११,८०० चीच असते, आणि तुलना करताना त्याने हाच आकडा धरावा.

प्राप्तिकरात संगणकावर आणि त्यासोबतच्या सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा मिळतो. मात्र वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. ५०,००० चा संगणक सप्टेंबरात बसवला तर त्या वर्षी २०,००० चा घसारा, डिसेंबरात बसवला तर १०,००० चा. रोखीने घेण्याचा मोह तर टाळलेलाच बरा: एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही, मग घसारा कुठला? तरीही घसाऱ्यासाठी संगणक घेणे हा व्यवहार नव्हे. कर वाचतो तो खर्चाच्या काही टक्के. खर्च जातो तो पूर्ण.

पैसे घेण्याच्या साधनांचे गणित तुलनेने सोपे आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर २०१८ पासून मर्यादा आहे: २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९० टक्के. क्रेडिट कार्डावर आणि वेबसाइटच्या पेमेंट गेटवेवर साधारण दोन टक्के जातात, वर जीएसटी. १,००० रुपयांच्या विक्रीत १०० रुपये नफा असेल आणि गेटवेला २३ रुपये ६० पैसे गेले, तर जवळजवळ पाव नफा गेला. दागिन्यांच्या किंवा कपड्यांच्या दुकानाला ते झेपेल, किराणा मालाला नाही. साउंडबॉक्सचे भाडे महिन्याला शंभर-सव्वाशे, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. पण तीन कंपन्यांची माणसे आली आणि तिघांचे डबे काउंटरवर बसले, तर वर्षाला चार हजारांच्या घरात जातात. क्यूआर कोणाचाही असला तरी कुठल्याही यूपीआय ॲपवरून पैसे येतातच.

यानंतर नावावर काय आहे, हा भाग येतो. त्याकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडे होत नाही. गावातल्या एखाद्या तरुणाने पाच-सात हजारांत वेबसाइट करून दिली. डोमेन त्याच्याच ई-मेलवर, त्याच्याच खात्यातून घेतले. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेला, फोन बदलला. वर्ष संपले, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली, आणि एका सकाळी वेबसाइट बंद. दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोच्या मागे रंगवलेला पत्ता कामातून गेला. यात कोणाची लबाडी असायला हवी असे नाही. नावाची नोंद चुकीच्या जागी झाली, एवढेच कारण पुरते. .इन डोमेनची व्यवस्था निक्सी ही संस्था बघते आणि एकदम दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते. पहिल्या वर्षी ९९ रुपये असा भाव दिसला तर दुसऱ्या वर्षीचा भाव वाचावा, कारण राहायचे दुसऱ्या वर्षापासून पुढे आहे. डोमेन, गूगल नकाशावरची दुकानाची नोंद, व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, टॅलीच्या परवान्याचा ई-मेल, कॅमेऱ्यांचा पासवर्ड हे सगळे धंद्याच्या स्वतंत्र ई-मेलवर असले पाहिजे. तो ई-मेल मालकाच्या हातात, आणि त्याची माहिती घरातल्या आणखी एका माणसाला.

सगळ्यांत मोठा खर्च मात्र त्या एका दिवसाचा असतो, ज्या दिवशी काहीच चालत नाही.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणकी हल्ला जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, ज्यावर तिथले लहान-मोठे व्यावसायिक कराची विवरणे भरतात. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष मिसळले. त्या सॉफ्टवेअरमार्गे तो डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि उरणजवळ जेएनपीटी बंदरातले तिच्याच समूहाचे कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. कुठला कंटेनर कुठे ठेवला आहे हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर क्रेन काय करणार? कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. आणि हे शक्य झाले ते एका योगायोगाने. मर्स्कच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे सगळेच एकदम पुसले गेले. घानातल्या कार्यालयात मात्र हल्ल्याच्या आधी वीज गेली होती. तिथला सर्व्हर बंद होता, म्हणून वाचला. त्यावरची प्रत विमानाने आणून कंपनी सावरली.

एवढ्या बलाढ्य कंपनीला जे वीज गेल्यामुळे मिळाले, ते गावातल्या दुकानदाराला ठरवून मिळवता येते: जाळ्यापासून तोडलेली एक प्रत. चार-पाच हजारांच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायच्या. एका आठवड्यात एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. प्रत झाली की डिस्क संगणकातून काढायची आणि एक कायम घरी ठेवायची. दुकानाला आग लागली, पुराचे पाणी शिरले तरी हिशेब सुटतो. कोल्हापूर-सांगलीच्या बाजारपेठांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, तिथे हे वेगळे सांगायला नको. संगणकाला सतत जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे, हल्ला आला की तीही पुसली जाते. आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडून बघायला हवा. कित्येक ठिकाणी बॅकअप रोज होत असतो, तो रिकाम्या फोल्डरचा होत होता हे गरजेच्या दिवशी कळते. नॉटपेट्याने आणि त्याआधीच्या मे महिन्यातल्या वॉनाक्राय या हल्ल्याने विंडोजच्या ज्या फटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच देऊन ठेवली होती, तीही फुकट. अपडेट करायला लागणारी वीस मिनिटे अनेकांना काढता आली नाहीत.

जुन्या संगणकांचे काय करायचे हा प्रश्न सध्या हजारो दुकानांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७-१८ च्या आधीचे बहुतेक संगणक बाद ठरतात. व्यवसायांसाठी वाढीव सुरक्षा विकत मिळते, पण तिचा दर बघावा: पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, तेवढ्यात नवा साधा संगणक येतो. जो संगणक फक्त बिल छापतो आणि ब्राउझर उघडतो, त्यावर लिनक्स घालून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर तो आणखी काही वर्षे सहज चालतो. आधी बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर लिनक्सवर चालतो का, तेवढे तपासायचे. टॅलीसारखे विंडोजवरचेच काम ज्यावर आहे, तो संगणक बदलावा, त्यात काटकसर नको. रात्री संगणक बंद करण्याची सवयही पैशांची आहे: ८० वॅट खाणारा संगणक दुकान बंद असताना बारा तास चालू राहिला तर वर्षाला ३५० युनिट जातात, युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतीन हजार.

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. ते कच्चे नसते आणि ते पूर्ण फुकटही नसते. पत्रे, कोटेशन, साधे तक्ते यांसाठी लिबरऑफिस पुरते, त्याचा चेहरामोहरा मराठीतही करता येतो. माल, खरेदी, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट तर मुंबईतच घडले. फ्रॅपे कंपनीचे रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायात ईआरपीचा अनुभव घेतला आणि त्यातून ते उभे राहिले. परवान्याला पैसे नाहीत, पण ते बसवून देणारा जाणकार, सर्व्हरचे भाडे आणि शिकण्याचे महिने, हा खर्च आहेच. दहा-बारा जणांच्या कारखान्याला तो परवडेल, दोघांच्या दुकानाला नाही.

यंत्र घेण्याआधी काम नीट लावणे, हे मात्र कोणालाही परवडते. जगात कचेरीच्या कामासाठी संगणक पहिल्यांदा वापरला तो कुठल्या बँकेने नव्हे, तर लंडनच्या जे. लायन्स या चहाच्या दुकानांच्या कंपनीने. नोव्हेंबर १९५१ पासून त्यांचा लिओ हा संगणक बेकरीच्या मालाचे मूल्य काढू लागला. कंपनीतले जॉन सिमन्स आणि त्यांचे सहकारी त्याआधी अनेक वर्षे एकच काम करत होते: कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, तो का जातो, आणि नाही गेला तर काय बिघडते, हे तपासणे. म्हणून संगणक आला तेव्हा त्याला काय सांगायचे ते त्यांना ठाऊक होते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नवे सॉफ्टवेअर येते आणि सहा महिन्यांत मालाच्या यादीत एकच वस्तू 'एल्बो पाऊण इंची', 'पाऊण एल्बो' आणि 'पीव्हीसी एल्बो ३/४' अशा तीन नावांनी बसलेली असते. साठा कधीच जुळत नाही, दोष सॉफ्टवेअरला लागतो, आणि त्याहून महाग सॉफ्टवेअरची चौकशी सुरू होते. दोन रविवार बसून नावे एकसारखी केली असती तर जुन्यातच भागले असते.

सध्या याच काउंटरवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा येऊन ठेपल्या आहेत. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी महिना ३९९ रुपयांची चॅटजीपीटी गो ही योजना काढली आणि ४ नोव्हेंबरपासून ती वर्षभरासाठी मोफत केली. एअरटेलने पर्प्लेक्सिटी दिले, जिओने जेमिनी. गणपतीतल्या सवलतीची मराठी जाहिरात लिहिणे, गुजरातमधल्या पुरवठादाराचे पत्र समजून घेणे, थकीत उधारीचा सभ्य पण ठाम संदेश तयार करणे यांसाठी ती खरोखर उपयोगी आहेत, आणि ज्याच्याकडे इंग्रजी लिहिणारा माणूस नाही त्याला तर फारच. फुकट आहे तोवर जरूर वापरावे. घेतानाच वहीत तारीख लिहावी: कोणत्या नंबरवर घेतले, मुदत कधी संपते, पैसे कोणत्या कार्डातून कापले जाणार. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी दुकानातल्या मुलाला विचारावे की या आठवड्यात ते कशाकशासाठी उघडले होते. उत्तरात तीन-चार खरी कामे आली तर महिना ३९९ रुपये जास्त नाहीत. दुसऱ्या दोन सेवा त्याच दिवशी बंद करता येतील.